संगणकाची कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. तथापि कार्यप्रणालीत आढळणारे दोष दूर करणाऱ्या ज्या दुरुस्त्या दर महिन्यास विनामूल्य मिळत होत्या, त्या मिळणे सर्वसाधारणपणे संपले. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ कंपनीने देऊ केली. परंतु ती मुदतवाढच होय. ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये व ‘विंडोज ७’ची जानेवारी २०२० मध्ये अशीच संपुष्टात आली होती. पेडणे व डिचोली तालुक्यांतील शाळा, पंचायती, देवस्थाने, सहकारी संस्था आणि घरे यांतून वापरात असलेल्या अनेक संगणकांवर म्हणूनच नवी कार्यप्रणाली बसविण्याचा प्रश्न उपस्थित झाला आहे. ती कशी बसवावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बसविण्यापूर्वी काय करावे याची चौकशी मात्र बहुधा नुकसान झाल्यानंतर होते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारी मूळ व्यवस्था. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, छपाईयंत्राला काम देणे, कोणती फाइल हार्ड डिस्कच्या कोणत्या भागात ठेवली आहे याची नोंद राखणे ही सर्व कामे ती करते. आपली पत्रे, हिशेब व छायाचित्रे ज्या डिस्कवर असतात, त्याच डिस्कवर ही व्यवस्थाही असते, आणि धोका नेमका येथेच आहे. कौलारू घराचे वासे बदलावयाचे झाल्यास घरधनी भाताची कणगी, कपडे व कागदपत्रांची पेटी आधी पडवीत हलवितो. सुतार कुशल नाही असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हीच काळजी पुष्कळांना अनावश्यक वाटते, कारण आत काय भरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

एका प्रतीवर विसंबून राहण्याचे परिणाम गोव्याच्या इतिहासात नोंदलेले आहेत. १५९५ मध्ये पोर्तुगीज राजाच्या आज्ञेने गोव्यात दफ्तरखाना स्थापन झाला व त्याचा पहिला रक्षक म्हणून दियोगु दु कौतु या इतिहासकाराची नेमणूक झाली. पणजी येथील पुराभिलेख खात्याची परंपरा याच दफ्तरखान्यापासून सांगितली जाते. राज्याचे कागद सांभाळणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचे कागद मात्र सांभाळता आले नाहीत. आशियातील पोर्तुगीजांच्या इतिहासाचे जे खंड तो लिहीत होता, त्यांपैकी आठव्या व नवव्या खंडांची हस्तलिखिते त्याच्या आजारपणात चोरीस गेली. पुढे त्याने ते आठवणीतून, संक्षिप्त रूपात पुन्हा लिहून काढले. वाचकांच्या हाती आला तो हा संक्षेप. मूळ विस्तार कायमचा गेला. पेडणे व डिचोली हे प्रदेश १७८१ ते १७८८ या काळात नव्या काबिजादीत समाविष्ट झाले. तेथील गावांचे जुने मोडी कागद आज अभ्यासावयास मिळतात, कारण ते कोणीतरी जपले. आजच्या पंचायतीची पत्रे हार्ड डिस्कवर असतात व त्यांना वाळवी लागत नाही. परंतु डिस्क बिघडली म्हणजे अर्धे पानही हाती लागत नाही.

कार्यप्रणाली बदलताना माहिती खरोखरीच नाहीशी होते काय, अशी शंका घेतली जाईल. बहुतेक वेळा होत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘विंडोज १०’ वरून ‘विंडोज ११’ वर जाण्याच्या नेहमीच्या रीतीत फाइली जागच्या जागी राहतात. तरीही ऑक्टोबर २०१८ मधील घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची १८०९ या क्रमांकाची सुधारित आवृत्ती प्रसृत केली आणि काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरातील फाइली नाहीशा झाल्याच्या तक्रारी येताच थोड्याच दिवसांत ती मागे घेतली. कारण मोठे बोधप्रद होते. या लोकांनी आपला फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलविला होता, परंतु काही फाइली जुन्या जागीच राहिल्या होत्या. नव्या आवृत्तीने जुना फोल्डर निरुपयोगी समजून तो आतील फाइलींसह काढून टाकला. अशा तक्रारींचे प्रमाण दर दहा हजारांत एक इतके अल्प असल्याचे कंपनीने सांगितले. ज्याच्या घरी हे घडले त्याचे या आकड्याने समाधान झाले असेल असे वाटत नाही. दोष दूर करून ती आवृत्ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा देण्यात आली.

कंपनीच्या चुकीपेक्षा आपल्या हातून होणारी चूक अधिक संभवनीय असते. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेल कंपनीचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर या यादीत बसत नाहीत. असे जुने संगणक टाकून देण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविता येते. गोव्यात ही कल्पना नवी नव्हे. या शतकाच्या आरंभी येथील काही शाळांत देणगीदाखल आलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स चालविले गेले होते. परंतु लिनक्स बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ असा एक पर्याय पुढे येतो. तो निवडल्यास आधीचे काहीही शिल्लक राहत नाही. संगणक-दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून’ घेतल्यावरही हीच गत होते. म्हापशाच्या किंवा साखळीच्या बाजारात संगणक दुरुस्तीस नेताना ‘आत महत्त्वाचे काही नाही ना?’ असे दुकानदार विचारतो, आणि ग्राहक घाईघाईने ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. या प्रश्नाचे उत्तर घरी, संगणकासमोर बसून, सावकाश शोधावयाचे असते.

जतन कशाचे करावे

प्रथम संगणकावर नेमके काय आहे याची यादी कागदावर करावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर सर्वांना आठवतात. ‘डाउनलोड्स’ विसरला जातो, आणि शिक्षण खात्याची परिपत्रके बहुधा त्यातच पडून असतात. हिशेबाचे ‘टॅली’सारखे प्रोग्रॅम आपली माहिती स्वतंत्र फोल्डरात ठेवतात. त्या फोल्डरचा मार्ग प्रोग्रॅममध्येच पाहून टिपून घ्यावा. ईमेल ‘आउटलुक’मध्ये उतरवून घेण्याची पद्धत असल्यास त्याचा साठा वेगळ्या फाइलीत असतो. ब्राउझरमधील जतन केलेले पासवर्ड, छपाईयंत्र व स्कॅनर यांचे नमुना-क्रमांक, विकत घेतलेल्या प्रोग्रॅमचे परवाना-क्रमांक हेही यादीत यावेत. प्रोग्रॅम पुन्हा बसविता येतो. फायलींची नक्कल करून ठेवल्याने प्रोग्रॅमची नक्कल होत नाही, हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम इत्यादी प्रणालींच्या फॉन्टांत टंकलिखित होत असे. या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. केवळ त्यांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर ‘ग्रामसभेचे इतिवृत्त’ दिसते. फॉन्ट गेला की त्याच जागी कंस, टिंबे व रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसू लागतो. फाइल सुरक्षित असते, परंतु वाचता येत नाही. नवी कार्यप्रणाली कोऱ्या डिस्कवर बसविल्यावर हे फॉन्ट आपोआप परत येत नाहीत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५ होय, मग फॉन्ट कोणताही असो. त्यामुळे युनिकोडमधील मजकुराला हा धोका नाही.

जुन्या फॉन्टांतील मजकूर असेल त्याने तीन कामे करावीत. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातील ते फॉन्ट फाइलींबरोबरच राखीव प्रतीत घ्यावेत. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची, जुना संगणक चालू आहे तोवरच, पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सामान्यतः फाइलीतच समाविष्ट होतात. आणि ज्या मजकुरात पुढे फेरफार करावे लागणार आहेत, तो परिवर्तक प्रोग्रॅमच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा व मूळ प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे, रफार व आकडे यांत अशा परिवर्तनात हटकून चुका राहतात. दशावताराच्या आख्यानांच्या संहिता, भजनी मंडळांचे संग्रह, शाळेच्या पंचवीस-तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशी सामग्री पेडणे तालुक्यात ज्यांनी संगणकावर उतरविली आहे, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. मूळ वही फाटली व फाइल वाचता येईना, अशी अवस्था आल्यावर तज्ज्ञाचाही फारसा उपयोग होत नाही.

याच संदर्भात आणखी एक अडचण आहे. काही जुने मराठी प्रोग्रॅम संगणकाला ‘डाँगल’ नावाची लहानशी किल्ली जोडल्याशिवाय चालत नसत, व तिला लागणारा सहायक प्रोग्रॅम नव्या कार्यप्रणालीवर चालेलच अशी खात्री नसते. शिवाय ‘विंडोज ११’ केवळ ६४ बिट स्वरूपात मिळते आणि डॉसच्या काळातील १६ बिटांचे प्रोग्रॅम तिच्यावर थेट चालत नाहीत. पतसंस्थेचा किंवा दुकानाचा जुना हिशेब अशा प्रोग्रॅममध्ये असल्यास तो सर्व आधी छापून अथवा तक्त्यांच्या रूपात काढून घ्यावा. एखादा जुना संगणक, इंटरनेटला न जोडता, केवळ या कामासाठी राखून ठेवणे हाही शहाणपणाचा मार्ग होय.

प्रत काढण्याची रीत

राखीव प्रत दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात फाइली व फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण डिस्कचे, कार्यप्रणालीसह, जसेच्या तसे चित्र घेतले जाते. त्यास ‘इमेज’ म्हणतात. नवी कार्यप्रणाली मानवली नाही तर इमेजवरून संगणक पूर्वस्थितीत आणता येतो. परंतु ती घेण्यास व परत बसविण्यास माहितगार मनुष्य लागतो. सामान्य वापरकर्त्याने पहिला प्रकार तरी चुकवू नये. कार्यालयाने शक्यतो दोन्ही करावेत.

यासाठी बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क घ्यावी. प्रथम आपल्या फोल्डरांवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये त्यांचा आकार पाहावा व त्याच्या निदान दुप्पट जागा असलेली डिस्क निवडावी. पेन ड्राइव्ह फाइल नेण्याआणण्यासाठी ठीक आहे, वर्षानुवर्षे जपून ठेवण्यासाठी नव्हे. जुन्या पेन ड्राइव्हची मांडणी ‘फॅट ३२’ पद्धतीची असल्यास त्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा शिरगावच्या जत्रेची चित्रफीत उतरविताना मध्येच नकार येतो, तो बहुधा या कारणाने. वेळेचा अंदाजही आधी घ्यावा. यूएसबी २.० च्या जोडणीतून सेकंदाला सुमारे ३० एमबी या वेगाने १०० जीबी उतरविण्यास साधारण पाऊण ते एक तास लागतो. हजारो लहान फाइली असल्यास त्याहूनही अधिक.

वीज मध्येच गेल्यास अर्धवट लिहिलेली फाइल निकामी होऊ शकते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत, विशेषतः गडगडाट चालू असताना, हे काम हाती घेऊ नये. यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते हे आधी पाहून घ्यावे. कित्येक कार्यालयांत यूपीएस केवळ शोभेपुरता उरलेला असतो.

‘आमचे सर्व क्लाउडवर आहे’ असे आता वारंवार ऐकू येते. त्याची शहानिशा करावी. मायक्रोसॉफ्टच्या ‘वनड्राइव्ह’वर विनामूल्य जागा ५ जीबी एवढीच मिळते. ती भरल्यावर पुढच्या फाइली वर जात नाहीत व सूचनेकडे कोणाचे लक्ष नसते. शिवाय ही व्यवस्था दोन ठिकाणच्या फाइली सारख्या राखते, म्हणजेच येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते. याउलट काही फाइली पडद्यावर दिसतात, पण ढगाचे चिन्ह दाखवितात. त्या प्रत्यक्षात संगणकावर नसतातच. बाहेरच्या डिस्कवर नक्कल करण्यापूर्वी त्या उतरवून घ्याव्यात.

नक्कल पूर्ण झाली म्हणजे काम झाले असे नाही. मूळ फोल्डर व नक्कल या दोहोंची ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या व एकूण आकार जुळतो का ते पाहावे. नंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकास जोडावी आणि निरनिराळ्या फोल्डरांतील दहा-पंधरा फाइली प्रत्यक्ष उघडून वाचाव्यात. जुन्या फॉन्टांतील फाइलींची खरी परीक्षा येथेच होते, कारण त्या दुसऱ्या संगणकावर ते फॉन्ट नसतात. पडताळणीनंतर डिस्क रीतसर विलग करून काढून घ्यावी. कार्यप्रणाली बसवीत असताना ती जोडलेली राहू नये. पडद्यावरील यादीत चुकीची डिस्क निवडली गेल्यास मूळ व नक्कल दोन्ही एकाच वेळी पुसली जातील.

प्रत कोठे ठेवावी

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर वापरला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व एक प्रत दुसऱ्या जागी असावी. यांतील शेवटची अट बहुतेक जण टाळतात. जुलै २०२१ च्या पुराने सत्तरी, डिचोली व पेडणे तालुक्यांतील अनेक घरांत पाणी शिरले. संगणक टेबलावर व राखीव डिस्क त्याच टेबलाच्या खणात, अशी व्यवस्था असल्यास अशा वेळी दोन्हींची एकच गत होते. वाळवंटीच्या किंवा शापोरा नदीच्या काठच्या गावातील शाळेने एक प्रत उंचावरील वाड्यात, मुख्याध्यापकांच्या अथवा पालक-शिक्षक संघाच्या जबाबदार पदाधिकाऱ्यांच्या घरी, नोंद करून ठेवावी. दमट हवेपासून संरक्षणासाठी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या घालाव्यात, आणि वर्षातून दोनदा तरी डिस्क जोडून पाहावी.

सरकारी कार्यालयांना हा नियम अधिकच लागू पडतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय संगणक केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली व शेकडो सरकारी सेवा खंडित झाल्या. त्यांपैकी पुष्कळ क्रमाक्रमाने पूर्ववत झाल्या. परंतु अधिकाऱ्यांच्या रोजच्या कामाच्या फाइली ज्या सामायिक साठ्यात होत्या, तो सुमारे ८५८ टेराबाइटांचा साठा जळून गेला. आकार फार मोठा असल्याच्या कारणास्तव त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर गणल्या जाणाऱ्या देशात हे घडले.

मात्र कार्यालयीन माहितीची प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा खाजगी ईमेल खात्यात घेणे हा त्यावरील उपाय नव्हे. नागरिकांची नावे, पत्ते व ओळखक्रमांक असलेल्या नोंदी कार्यालयाबाहेर जाऊ देणे गैर आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही याच जबाबदारीकडे आहे. प्रत खात्याच्या मालकीच्या डिस्कवर, वरिष्ठांच्या लेखी अनुमतीने घ्यावी व जडवस्तू नोंदवहीत त्या डिस्कची नोंद करावी. शाळांनीही विद्यार्थ्यांच्या नोंदी असलेल्या डिस्कला पासवर्ड ठेवावा.

बदलाच्या दिवशी

अनेक नव्या लॅपटॉपांतील डिस्क ‘बिटलॉकर’ या व्यवस्थेने कुलूपबंद असते, व मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कार्यप्रणाली किंवा यंत्राच्या मूळ मांडणीत बदल झाल्यास पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर ४८ अंकी किल्लीची मागणी होऊ शकते. ती नसेल तर डिस्कवरील माहिती दुकानदारालाच काय, खुद्द कंपनीलाही उघडून देता येत नाही. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्या खात्यात नोंदलेली असते. घरातील मुलाने शाळेत असताना उघडलेले ते खाते असल्यास त्याचा पासवर्ड आधीच विचारून घ्यावा, सर्व ४८ अंक कागदावर उतरवून दोघांनी एकमेकांस वाचून दाखवावेत आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवावा.

नवी कार्यप्रणाली बसल्यावर जुनी ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात दहा दिवसपर्यंत राहते व तेवढ्या मुदतीत मागे जाता येते. त्यानंतर तो फोल्डर आपोआप नाहीसा होतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच छपाई, स्कॅनर, मराठी कळफलक, हिशेबाचा प्रोग्रॅम आणि पंचायत सचिवांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचा प्रत्यक्ष वापर करून पाहावा. राखीव डिस्कवरील काहीही तोपर्यंत पुसू नये. तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती आहे तेथेच राहू द्यावी.